लाकडाचा वाडगा आणि रेषेची दिशा

(युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दोस्तांनो, मला इथे हुनर आणि रोजगार या विषयावर बोलायला सांगितलं आहे. रोजगारावर माझ्यापेक्षा जास्त जाणणारे लोक आहेत. मी लेथवर लाकूड कातणारा माणूस, म्हणून हुनराबद्दल बोलतो, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल. लाकडाचा वाडगा कातताना त्याच्या समोरासमोरच्या दोन जागा खडबडीत होतात, तिथली रेषा उपसते. तिचं काय करायचं? ऐकायला बारीक गोष्ट आहे. पण कारागीर कोण आणि वेळ मारून नेणारा कोण, ते इथेच कळतं.

आधी आपल्या धंद्याचे शब्द. लेथला आपल्यापैकी बऱ्याच घरांत खराद म्हणतात. अरबीत कातकाम करणाऱ्याला खर्रात म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. मराठीत आपल्याला कातारी म्हणतात. एखादी वस्तू रेखीव, सफाईदार असली की मराठी माणूस ‘कातीव’ म्हणतो. म्हणजे सफाईचं मोजमापच आपल्या कामावरून ठरलं. हे नाव सांभाळायचं असेल तर काम समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे लेथवर बहुतेक काय होतं? लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी तुम्ही पाहिली असतील. त्यांची सुरुवात परंपरेने टिपू सुलतानांच्या काळाशी जोडली जाते. पुढे विसाव्या शतकात त्या कामाला नवं वळण देणाऱ्यांत बावास मियाँ यांचं नाव आदराने घेतलं जातं. तिथे काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावरच लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि रंग चढतो.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. लाकडाच्या रेषा लेथच्या आसाला समांतर असतात. लाटण्याच्या लांबीकडे रेषा जाते, तसंच. अशा कामाचा नियम सोपा आहे: पटाशी जाडीकडून बारकाईकडे न्यायची, चढावरून उताराकडे. हा नियम हाताला इतका बसतो की कारागीर तो विचारही न करता पाळतो.

वाडग्यात मात्र लाकूड आडवं फिरतं. ओंडका मधोमध उभा चिरतात, अर्ध्या भागातून गोल तुकडा काढतात आणि तो फेसप्लेटवर बसवतात. रेषा आता आसाला आडव्या आहेत. त्यामुळे एका फेऱ्यात पटाशीसमोर दोनदा रेषेची बाजू येते आणि दोनदा रेषेची कापलेली टोकं येतात. त्या टोकांना इंग्रजी पुस्तकांत एंड ग्रेन म्हणतात. लेथ मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे झाले. म्हणजे एका सेकंदात २० वेळा बाजू आणि २० वेळा टोकं. हाताला हे वेगळं जाणवत नाही, पण लाकडाला जाणवतं.

टोकांकडे रेषा का उपसते, हे गवताच्या पेंढीवरून समजेल. पेंढी मुठीत घट्ट धरून मुठीजवळ विळा लावला तर गवत सरळ कापलं जातं. मोकळ्या शेंड्यावर विळा मारला तर काड्या वाकतात, काही तुटतात, काही मुळासकट उपटून येतात. लाकडाची रेषाही अशीच. मागे दुसऱ्या रेषेचा आधार असेल तर ती कापली जाते. आधार नसेल तर वाकते आणि खालून तुटते. त्या जागी बारीक खड्डे राहतात. लाकूड तिथे खराब नसतं. त्याला आधार नसलेल्या बाजूने गाठलेलं असतं.

म्हणून वाडग्यात नियम उलटतो. बाहेरची बाजू कातताना पटाशी बुडाकडून काठाकडे न्यायची, म्हणजे लहान घेराकडून मोठ्या घेराकडे. आतली बाजू कातताना काठाकडून मध्याकडे यायचं. अशाने प्रत्येक रेषेला तिच्या खालच्या रेषेचा आधार मिळतो. वर्षानुवर्षं लाटणी आणि पाय कातलेला हात इथे सवयीने उलटा जातो. तेव्हा हाताला नव्याने शिकवावं लागतं, आणि चाळीस वर्षं काम केलेल्या वस्तादालाही ते शिकावं लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट धार. बाजूची रेषा बोथट पटाशी एक वेळ सहन करते, टोकं करत नाहीत. शेवटचा हात फिरवायच्या आधी लेथ थांबवा, पटाशी ग्राइंडरवर लावून या. मग धारेमागचा उतार लाकडावर टेकवा, धार तिरकी धरा आणि कागदासारखा पातळ भुगा काढत हळू पुढे जा. जोर लावलात तर पटाशी बाजूच्या रेषेत आत जाईल आणि टोकांवर उसळेल. तरीही एखादी जागा उपसत असेल तर तिथे थोडं पाणी किंवा तेल लावा. रेषा मऊ पडते आणि शेवटचा पातळ हात सफाईने कापतो. आंब्याच्या मऊ लाकडात हे बऱ्याचदा करावं लागतं. शिसव घट्ट असतं, ते कमी त्रास देतं.

आता खरा मुद्दा. आपल्या बऱ्याच पोरांना नगावर मजुरी मिळते. धार लावायला दोन मिनिटं जातात, ती तोट्याची वाटतात. मग उपसलेल्या जागेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर दाबून धरतात. होतं काय? बाजूची रेषा मऊ, ती आधी झिजते. टोकं कमी झिजतात, खड्डे तिथेच राहतात आणि वाडग्याची गोलाई जाते. शिवाय सगळी धूळ छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. वाचवलेली दोन मिनिटं कुठून वसूल होतात, याचा हिशेब करा. मालकालाही हा हिशेब दाखवा. धार लावायचा वेळ मजुरीत धरला गेला पाहिजे. ही मागणी रास्त आहे.

पेपरने भागत नाही तेव्हा भुसा आणि फेविकॉल कालवून खड्डे भरतात आणि वरून पॉलिश मारतात. दुकानात वाडगा चमकतो. पण तो घरी जातो, त्यात भाकरीचं पीठ मळलं जातं, फळं ठेवली जातात, तो धुतला जातो. लाकूड पाणी सर्वांत जास्त पितं ते टोकांतूनच. भरलेलं निघतं, पाणी आत जातं, काळे डाग पडतात. आजीच्या काठवटीत तीस वर्षं पीठ मळलं जायचं. आपला वाडगा तीन महिने टिकला तर गिऱ्हाईक कातारी समाजाला नावं ठेवेल. आणि ते बरोबर असेल. दोष दिसत असेल तर तो दाखवून कमी भावात विका. झाकून पूर्ण भाव घेऊ नका.

टोकांची ही तहान सुकवतानाही लक्षात ठेवा. ओलं लाकूड बाजूपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने सुकतं, म्हणून भेग आधी तिथे पडते. ओंडका आणला की त्याच दिवशी टोकांना मेण किंवा जुना रंग लावा. ओला वाडगा कातायचा असेल तर भिंत घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवा. दहा इंची वाडग्याला एक इंच. मग तो काही महिने सावलीत ठेवा. तो लंबगोल होईल, घाबरू नका. पुन्हा लेथवर चढवून गोल करता यावा, म्हणूनच तर जाडी ठेवली.

आणि जिवाची काळजी. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातला तावीज, हातातला कडा, मोकळे केस, यातलं काही लेथजवळ नको. तोंडावर काच हवी. लेथ सुरू करताना तुकड्याच्या समोर नाही, बाजूला उभे राहा. तुकडा ओबडधोबड असेल तोवर वेग कमी ठेवा.

पुढे बसलेल्या मुलीने मघाशी विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतात? पटाशी कुठून कुठे न्यायची, हे एका दुपारी कळतं. हाताला ते पटायला पन्नासेक वाडगे लागतील. पहिले दहा वाडगे विकू नका, उभे चिरा आणि आतली टोकं बोटाने तपासा. कुठे उपसलं, तेव्हा पटाशी कोणत्या दिशेला होती, ते वहीत लिहा. आपल्या धंद्यात बापजाद्यांचं पुष्कळ ज्ञान लिहिलं न गेल्यामुळे गेलं. तुम्ही शिकलेली मुलं आहात, तुमच्या हातात पटाशीही आहे आणि पेनही आहे. दोन्ही वापरा.