देवाला नाही, समुद्र बघायला

स्वयंपाकघरात रेडिओ चालू असताना बाहेरच्या खोलीतून कानोसा घेणाऱ्या सासूबाईंनाही नमस्कार.

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. बोलतेय एकटी समन्वयक, पण बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही'. आज कर्ज, हप्ता, बँक यातलं काहीच काढायचं नाही. गेल्या पौषात आम्ही अकराजणी दोन मुक्कामांची सहल करून आलो. एक दिवस रायगड चढलो, दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला समुद्रात पाय बुडवले. माणशी दीड हजारात. ते कसं जमलं, एवढंच सांगायचंय.

बाईनं घराबाहेर पडायची कारणं आपल्याकडं ठरलेली आहेत. माहेर, लग्न, मयत, दवाखाना आणि देव. यातलं एक सांगितलं की दार उघडतं. 'मैत्रिणींबरोबर फिरायला' हे कारण कुणाला ऐकूनच माहीत नाही. गडी माणसाला असं कारण लागत नाही. मित्राची गाडी दारात थांबली, हॉर्न वाजला, की झालं.

त्यामुळं सहलीचा विषय निघाला तेव्हा पहिली युक्ती निघाली ती हीच, की हरिहरेश्वर हे देवस्थानच आहे, दक्षिण काशी म्हणतात त्याला, घरी सांगायचं देवाला जातोय. सोपं होतं. पण त्यावर बैठकीत तासभर वाद झाला. एक काकू म्हणाल्या, देवाच्या नावानं खोटं बोलायचं आणि मग त्याच्याच दारात उभं राहायचं, हे मला जमायचं नाही. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं होतं. आज गटाच्या नावावर घरचे आपल्याला प्रशिक्षणाला सोडतात, बँकेत सोडतात, तालुक्याच्या प्रदर्शनाला मुक्कामी सोडतात. एक थाप उघडी पडली तर पुढच्या प्रत्येक वेळेला शंका. तो विश्वास कमवायला आमची आठ वर्षं गेलीत. म्हणून ठरलं, की खरं सांगायचं. गड बघायला आणि समुद्र बघायला जातोय, मैत्रिणी मैत्रिणी.

त्याची किंमत पडली. भिशी सुरू केली तेव्हा आम्ही चौदाजणी होतो. तिघींना घरून नाही म्हटलं गेलं. त्यातली एक अजून म्हणते, देवाला म्हणाले असते तर सोडलं असतं. तिचं खरं आहे. तरी आम्हाला आमचा निर्णय बरोबर वाटतो. तिघींचे पैसे पै न् पै परत दिले, हे सांगायला नको.

आता पैशाचं. गटाची बचत वेगळी आणि सहलीची भिशी वेगळी, हे पहिल्या दिवशी लिहून काढलं. अंतर्गत कर्ज शेळीला द्यावं, शिलाई मशीनला द्यावं, दवाखान्याला द्यावं. फिरायला कर्ज नाही, हे आमचं ठाम मत. वटपौर्णिमेपासून दर आठवड्याच्या बैठकीत माणशी ५० रुपये वेगळ्या वहीत. तीस आठवड्यांचे झाले १,५००. एखादीला एका आठवड्यात जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात १००. काहीजणी अंड्यांच्या पैशातून भरायच्या, एक तर भिशीसाठी दोन घरच्या गोधड्या शिवायला लागली.

पौष का निवडला? पौषात लग्नं नसतात, कुणाच्या घरचं कार्य आडवं येत नाही. शाळू उभा असतो पण काढणीला वेळ असतो. आणि कोकणात थंडीतच जावं. पावसाळ्यात गडाच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या आणि समुद्र खवळलेला. उन्हाळ्यात घामानंच जीव जातो.

राहिली जनावरं. ही खरी अडचण होती, नवरे नव्हेत. त्यासाठी जुनी इर्जिक कामाला आली. गटातल्या न जाणाऱ्या बायांनी आमच्या धारा काढायच्या, वैरण टाकायची. आम्ही परत आल्यावर त्यांच्या खुरपणीला तितके दिवस जायचं. न आलेल्या तिघींपैकी दोघींनी तर स्वतःहून गाई वाटून घेतल्या. हे त्यांचं मोठेपण, आम्ही मागितलं नव्हतं. एका घरी सासऱ्यांनी पहिल्यांदा धार काढली. म्हैस दूध चोरते म्हणून दोन फोन आले, मग जमलं.

प्रवास सगळा लाल परीनं. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बाईला अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आम्ही ते बाजाराला आणि दवाखान्यालाच वापरत होतो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ हवं. जीपवाल्यानं अकराजणींचे जे सांगितले होते, त्याच्या निम्म्यात एसटीनं काम झालं. वेळ जास्त लागला, ते खरं.

शुक्रवारी पहाटे दहिवडीहून साताऱ्याची गाडी, साताऱ्याहून महाबळेश्वर, पोलादपूर करत महाड. आंबेनळी घाटात तिघींना उलट्या झाल्या. घाटाच्या आधी पोटभर खाऊ नका, पुढच्या बाजूला बसा, लिंबू आणि कागदी पिशव्या हाताशी ठेवा.

महाडला पाचाडच्या गाडीला तासभर अवकाश होता. तेवढ्यात चवदार तळ्यावर जाऊन आलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसोबत इथलं पाणी ओंजळीत घेतलं. आम्ही टँकरच्या गावच्या बाया. पाण्यासाठी रांग, भांडण, कुणाच्या आडावर कोण चढायचं हे सगळं आमच्या आज्यांनी बघितलेलं. तळ्याच्या काठावर गटातल्या दोघी बराच वेळ बोलल्याच नाहीत. त्यांना घाई केली नाही.

पाचाडला मुक्काम एका घरगुती निवासात, फोनवर आधी ठरवून. फोन करताना चार गोष्टी विचारायच्या, लाजायचं नाही. खोलीला आतून कडी आहे का, संडास खोलीला लागून आहे की लांब, घरात बाईमाणूस आहे का, आणि गरम पाणी वेगळे पैसे घेऊन देता का. मोठ्या दोन खोल्यांत अकराजणी गाद्या टाकून झोपलो. झोपलो कसल्या, दोन वाजेपर्यंत खिदळत होतो. घरातली ताई दार वाजवून म्हणाली, उद्या गड चढायचाय ना?

पाचाडमध्ये जिजाऊंची समाधी आहे, वाड्याचे अवशेष आहेत. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्या गेल्या. पुस्तकात वाचलेलं असतं. समाधीपाशी उभं राहून वर गडाकडं बघितलं की ते अकरा दिवस वेगळेच वाटतात.

गड सहाला चढायला लागलो. चित्त दरवाजापासून हजाराच्या वर पायऱ्या आहेत. आम्ही रोज शेतात वाकतो, पाणी वाहतो, त्यामुळं दम कमी पडेल असं वाटलं नव्हतं, पण गुडघ्यांनी आठवण करून दिली. उपाय एकच, सगळ्यात हळू चालणारी पुढं आणि बाकीच्या तिच्या मागं. पायात कॅनव्हासचे बूट किंवा मागं पट्टा असलेली चप्पल. माणशी दोन लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दोन काकूंना गुडघ्याचा त्रास, त्या रोप-वेनं आल्या. उगाच ईर्ष्येनं चढू नये.

महादरवाजातून आत गेलं की वेळ कसा जातो कळत नाही. गंगासागर तलाव, राणीवसा, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ, महाराजांची समाधी. बायांचं मन मात्र धंद्यात. वर ताक विकणाऱ्या मावशींना घेरून त्यांनी सगळा हिशेब काढून घेतला. हंडा खालून किती वाजता आणता, दिवसाला किती ग्लास खपतात, पावसाळ्यात काय करता. मावशी रोज डोक्यावर ओझं घेऊन तो गड चढतात. आमचं चढण्याचं कौतुक तिथंच संपलं.

हिरकणी बुरुजावरनं खाली वाकून बघितलं तर डोळे फिरतात. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून गवळण त्या कड्यानं उतरली, अशी कथा आहे. आमच्यातली सगळ्यात धाकटी सून म्हणाली, हिरकणी घरी जायला कडा उतरली आणि आपण घरातनं सुटायला चढलो. हसून हसून पुरेवाट. तिचंही पोर तीन वर्षांचं, आजीजवळ ठेवून आली होती, दर तासाला फोन लावत होती.

दुपारी बारापर्यंत खाली, जेवून महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत संध्याकाळी हरिहरेश्वर. गाड्या बदलताना प्रत्येक स्थानकावर पहिलं काम म्हणजे परतीच्या आणि पुढच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून वहीत लिहिणं. आणि दुसरं काम स्वच्छतागृह. पुढं मिळेल, असं कधी म्हणू नका. गटाच्या पिशवीत साबण, जुनी वर्तमानपत्रं आणि सॅनिटरी पॅड ठेवले होते, ते लागले.

समुद्र अंधार पडता पडता दिसला. अकरापैकी सातजणींनी तो पहिल्यांदा बघितला. साठी ओलांडलेल्या एका काकूंनी वाकून पाणी जिभेला लावलं आणि वळून म्हणाल्या, "खरंच खारट हाय गं." जन्मभर ऐकलेलं तपासून घेतलं.

समुद्राच्या बाबतीत धाडस नको, हे मात्र कान देऊन ऐका. हरिहरेश्वरला देवळामागून टेकडीला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट आहे. पायऱ्यांनी खाली उतरलं की लाटांनी खाऊन जाळीसारखे झालेले खडक लागतात. फार सुंदर जागा, पण भरतीच्या वेळी तिथं लाट माणसाला ओढून नेते. ओहोटीतच जायचं. वेळ कशी ओळखायची? कोकणातला जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शाळेत पाऊणकी पाठ केलेल्या काकू इथं उपयोगी पडल्या. त्या रविवारी पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, दहाच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडंतिकडं होतं, म्हणून हा आडाखा फक्त बेत ठरवायला. प्रत्यक्ष उतरायच्या आधी तिथल्या लोकांना विचारायचंच आणि फलकावर लिहिलेलं पाळायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी फार वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, जरा मवाळ. जमलं तर बेत तेव्हाचा करा.

पाण्यात गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही, हात धरून उभं राहायचं, आणि समुद्राकडं पाठ करायची नाही. ओल्या सहावारीचं वजन पायात येतं, पाणी मागं जाताना तीच ओढते. पंजाबी ड्रेस बरा. नऊवारीतल्या काकू कासोटा घालून सगळ्यात निर्धास्त होत्या.

देवळातही गेलो. दर्शन छान झालं. फक्त ते सांगून निघालो नव्हतो.

साडेअकराला परतीची गाडी धरली, घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. शेवटच्या टप्प्यात अंधार होणार हे माहीत होतं, म्हणून स्टँडवर कोण घ्यायला येणार हे निघण्याआधीच ठरलेलं. अडचणीसाठी ११२ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये होता.

हिशेब वाचून दाखवतो. प्रवास ५१०, दोन मुक्काम ५५०, जेवण-चहा ३४०, गडाचं प्रवेश तिकीट २५. बेरीज १,४२५. माणशी ७५ उरले, अकराजणींचे ८२५. त्यातून दोघी काकूंचं रोप-वेचं तिकीट दिलं. त्या घेत नव्हत्या. पण वही आमच्या हातात होती.

न आलेल्या तिघींपैकी एकीनं नव्या भिशीत पुन्हा ५० रुपये टाकायला सुरुवात केलीय. घरून होकार नाही. तिच्या सासूबाई परवा वाटेत भेटल्या, म्हणाल्या, त्या काकूंनी पाणी खरंच चाखून बघितलं का? बघितलं म्हटलं. बराच वेळ उभ्या राहिल्या, मग तुमची बैठक कुठल्या वारी असते, ते विचारून गेल्या.

आता नळाला पाणी यायची वेळ झालीय, थांबतो. बैठक सोमवारी असते.