बोल्टावरचा कार्बन आकार

लवळ्याहून पिरंगुटला गेलं की कारखाने लागतात. पुणे जिल्ह्यातल्या अशा औद्योगिक पट्ट्यांत बनणारे यंत्रांचे सुटे भाग परदेशीही जातात. हा माल युरोपात पाठवणाऱ्यांसाठी २०२६ हे वर्ष वेगळं आहे. बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत तयार होताना किती कार्बन हवेत गेला, हे मोजून १ जानेवारीपासून युरोपीय संघ त्यावर आकार लावतो आहे. साधे नट-बोल्टसुद्धा यातून सुटलेले नाहीत.

याच नियमात एक मोलाची तरतूद आहे. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत आधीच मोजली असेल, तर ती या आकारातून वजा होते. भारतानं २०२३ मध्ये कार्बनला किंमत लावणारी स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. दोन्हीकडच्या हिशेबाचा मेळ बसला, तर तिकडे जाणारा पैसा इथेच राहील आणि भट्ट्या सुधारायला वापरता येईल. छोट्या कारखानदाराला दोनदा मोजणी करावी लागणार नाही, हा फायदाही लहान नाही.

मात्र नुसता आकार लावणं म्हणजे सहकार्य नव्हे. ज्या देशांनी आधी धूर सोडून संपत्ती मिळवली, त्यांनी स्वस्त भांडवलही द्यायला हवं. तसं घडलेलं आहे: धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला.