अळी सरावली नाही, निवडली गेली
(रेडिओवरील भाषण)

नांदेडहून आलेली वाट वारंगा फाट्याला फुटते. एक हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. फाट्याच्या आजूबाजूला कळमनुरी तालुक्याची काळी जमीन आहे आणि तिच्यावर सोयाबीन, हळद, तूर, कापूस ही पिकं उभी असतात. आजचा विषय आहे सजीवांची उत्क्रांती. हा शब्द निघाला की माकडापासून माणूस आठवतो, नाहीतर दगडात सापडलेली लाखो वर्षांपूर्वीची हाडं. पण उत्क्रांतीचा पुरावा शोधायला इतकं मागं जायची गरज नाही. पंधरा-वीस वर्षांत घडलेला, मोजलेला आणि शेतकऱ्याच्या खिशाला झळ लावून गेलेला पुरावा याच कापसाच्या वावरात आहे. त्याचं नाव गुलाबी बोंडअळी.

आधी घटनाक्रम पाहू. 2002 मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचं जनुक या कापसात घातलेलं असतं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं, आणि ते खाल्लं की अळी मरते. 2006 पासून अशी दोन प्रथिनं असलेलं बियाणं आलं. पहिली काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. मग 2010 च्या सुमारास गुजरातमधून बातमी आली की पहिल्या प्रथिनाला गुलाबी अळी दाद देत नाही. आणखी काही वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार उडाला. फुलांच्या पाकळ्या न उमलता चिकटून राहिल्या, त्यांच्या डोमकळ्या झाल्या. बोंड बाहेरून हिरवंगार आणि टणक दिसायचं. फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली आणि मधोमध गुलाबी अळी. अशा बोंडातून वेचणीला हाती येते ती कवडी.

हे का झालं, असं विचारलं तर सर्रास उत्तर मिळतं : अळीला बीटीची सवय झाली. हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. विष पचवायची सवय व्हायला अळी आधी जगायला हवी. बीटीचं पान किंवा बोंड खाणारी साधी अळी मरते, तिला सराव करायला सवड मिळत नाही. खरी गोष्ट अशी की लाखो अळ्यांमध्ये सगळ्या एकसारख्या कधीच नसतात. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं, तेव्हाच अळीचा घात होतो. हे आतड्यातलं प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची नक्कल होताना क्वचित चूक होते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि विष चिकटत नाही. ही चूक विष येण्याआधीही होत असते. तेव्हा तिचा अळीला काही उपयोग नसतो, इतकंच. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी जीवाणूंवर नेमकं हेच दाखवलं : औषधाचा स्पर्शही न झालेल्या वसाहतींमध्ये औषधाला न जुमानणारे जीवाणू आधीपासूनच होते. बदल आधी येतो, निवड मागून होते.

आता थोडा हिशेब करू. समजा, या जनुकाच्या हजार प्रतींमागे एक प्रत बदललेली आहे. प्रत्येक अळीत आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन प्रती असतात, आणि विष पचवायला दोन्ही बदललेल्या लागतात. म्हणजे तगणारी अळी दहा लाखांत एक. शिवारभर फक्त बीटी असेल तर मागे या तगलेल्याच उरतात, त्यांचेच पतंग एकमेकांशी जुळतात आणि पुढची सगळी पिढी तगणारी निघते. पण शेजारी बिगर-बीटी कापसाच्या ओळी असतील तर तिथे साध्या अळ्या भरपूर वाढतात. तगलेल्या पतंगाला जोडीदार मिळतो तो बहुधा त्यांच्यातला. पिल्लांकडे बदललेली एकच प्रत येते आणि ती बीटीवर मरतात. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी मिळायची ती याचसाठी. अमेरिकेत अॅरिझोनात अशा ओळी नेमाने लावल्या गेल्या, पुढे वांझ केलेले पतंगही सोडले गेले, आणि 2018 मध्ये तिथून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे ती पुडी बहुतेक बांधावरच राहिली. दोन-तीन एकरवाल्याने अळीसाठी ओळी सोडाव्यात, ही अपेक्षाच जड होती. त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

कुणी म्हणेल, अळीचं काही बदललं नाही, बियाणंच भेसळीचं होतं. भेसळ होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शेतातून आणलेल्या अळ्यांना प्रयोगशाळेत मोजून विष खाऊ घातलं तरी त्या जगल्या, आणि हा गुण त्यांच्या पिल्लांतही उतरला. तिथे बियाण्याचा संबंधच येत नाही. याहून बोलका पुरावा हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा आहे. तिनेही तोच बीटी कापूस खाल्ला, पण ती विषाला पुष्कळ काळ बळी पडत राहिली. कारण ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. त्या पिकांत साध्या अळ्यांचा साठा आपोआप टिकतो. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळपास सगळा कापसावरच चालतो. सवयीच्या उत्तराला हा फरक उलगडत नाही. निवडीच्या उत्तरातून तो सरळ निघतो.

दुसरा आक्षेप जुना आहे : अळी अळीच राहिली, तिचा पतंग वेगळ्या जातीचा झाला नाही, मग ही कसली उत्क्रांती? उत्क्रांती म्हणजे एका पिढीकडून दुसरीकडे जाताना समूहातल्या जनुकांचं प्रमाण बदलणं. नवी जात हे त्या बदलांच्या लांबलचक साखळीचं टोक आहे. आपण पाहिली ती दोन-चार कड्यांची लांबी. आणि निवडणारा कोण, हा प्रश्न शेतकऱ्याला तरी पडू नये. चांगली कणसं बियाण्याला राखायची, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. 1859 च्या आपल्या ग्रंथात डार्विननेही सुरुवात पाळीव जनावरांच्या आणि लावलेल्या झाडांच्या निवडीपासूनच केली. फरक एवढाच की कणसं आपण जाणून राखली, आणि अळ्या न जाणता.

म्हणूनच हा विषय पाठ्यपुस्तकापुरता नाही. फरदड घेऊन कापूस उन्हाळ्यापर्यंत उभा ठेवला की तगलेल्या अळ्यांना आणखी पिढ्या मिळतात. डिसेंबर-जानेवारीत वावर मोकळं केलं, पऱ्हाटीची गंजी बांधावर रचून ठेवली नाही, कामगंध सापळ्यातले पतंग मोजून मगच फवारलं, तर त्यांची वाट अडते. फवारणीचं औषध दरवेळी तेच वापरलं तर तीच गोष्ट नव्याने सुरू होईल, कारण निवड कुणाला थांबवता येत नाही. यंदा वावरात कोणत्या अळ्या मागे उरतील, हे मात्र बरंचसं पऱ्हाटी कधी उपटली यावर ठरतं.