डाव्या हाताची राखण

हाताला पांढरी पट्टी बांधलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततो, तेव्हा घरच्या माणसांना हायसे वाटते. शेजारीपाजारी विचारतात, “झाले ना एकदाचे?” वास्तविक झालेले थोडे असते आणि व्हावयाचे पुष्कळ उरलेले असते. शल्यविशारदाने एक-दोन तासांत केलेले असते ते इतकेच, की मनगटाजवळची रोहिणी आणि तिच्या शेजारची नीला यांना एकमेकींशी जोडून दिलेले असते. या जोडाला डॉक्टर ‘फिस्टुला’ म्हणतात. तो उपयोगी पडेल की नाही, हे पुढचे काही आठवडे ठरवितात आणि ते आठवडे रुग्णालयात नव्हे, घरात जावयाचे असतात.

असा जोड करावा तरी का लागतो? मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, यंत्रातून गाळून पुन्हा आत सोडावे लागते. हेच डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास हे चालते आणि यंत्राला दर मिनिटास 300 मिलिलिटरच्या आसपास रक्त लागते. हातावर दिसणाऱ्या साध्या निळ्या शिरेला एवढा पुरवठा झेपत नाही. रोहिणीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणे धोक्याचे असते. म्हणून रोहिणीचा जोर नीलेला द्यावयाचा. त्या जोराने नीला हळूहळू रुंदावते, तिची भिंत जाड होते आणि ती मोठ्या सुया सोसण्याजोगी होते.

ही युक्ती सुचावयास पुष्कळ काळ जावा लागला. हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातील काम्पेन गावी, डॉक्टर विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र रुग्णांवर चालविले. परंतु दर खेपेस रक्तवाहिनी उघडावी लागे आणि अखेर उघडावयास जागाच उरत नसे. 1960 मध्ये सिएटलच्या डॉक्टर स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातावर कायमची बसविली. तिने माणसे जगली, पण नळी बाहेर असल्याने तीत गुठळ्या होत आणि जखम दूषित होई. न्यूयॉर्कच्या चिमिनो आणि ब्रेशिया या डॉक्टरांनी नळीच नको असे ठरविले. 1965 मध्ये त्यांचे सहकारी शल्यविशारद अ‍ॅपेल यांनी रुग्णाच्या स्वतःच्याच दोन वाहिन्या जोडल्या. साठेक वर्षे लोटली, तरी याहून चांगली वाट अद्याप सापडलेली नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस हात उशीवर उंच ठेवावयाचा, म्हणजे सूज उतरते. पट्टी कोरडी राखावयाची आणि बोटे मात्र अधूनमधून हलवीत राहावयाची. दुखते म्हणून घरातली कोणतीही गोळी घेणे या रुग्णांना परवडणारे नाही. सर्रास मिळणाऱ्या कित्येक वेदनाशामक गोळ्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाही अपाय करतात. डॉक्टरांनी सांगितलेली गोळीच घ्यावी. आजीबाईच्या बटव्यातील शेक, लेप आणि तेलाची मालीश यांनाही या हातापुरती रजाच द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र अगदी साधे आहे. दुसऱ्या हाताची बोटे जोडावर अलगद टेकविली, की खाली सूक्ष्म थरथर जाणवते. अंगावर निजलेले मांजर घुरघुरते तशी. कान लावला तर मंद घूंघूं ऐकू येते. सकाळी उठताच, दिवसातून दोन-तीनदा आणि निजण्यापूर्वी ही थरथर चाचपून पाहावी. ती मंदावली किंवा थांबली, तर जोडात गुठळी झाल्याची शंका घ्यावयाची आणि “सकाळी बघू” असे न म्हणता तत्काळ रुग्णालय गाठावयाचे. काही तासांच्या आत गेल्यास जोड पुष्कळदा वाचतो. वेळ दवडल्यास तो कायमचा जातो आणि माणसाच्या हातांत अशा जागा मोजक्याच असतात. बोटे गार, पांढुरकी, बधिर पडली अथवा विलक्षण दुखू लागली, जखम लाल होऊन पू आला, ताप भरला, तरीही तसेच निघावे. रक्त वाहू लागलेच, तर स्वच्छ फडक्याने त्या ठिकाणी घट्ट दाबून धरावे, हात उंच करावा आणि मदत बोलवावी.

आणि मग प्रश्न येतो बांगड्यांचा. हा जोड बहुधा ज्या हाताने लिहीत नाहीत त्या हाती, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हाती करतात. त्यावर दाब पडून चालत नाही. म्हणून घड्याळ नको, घट्ट बाही नको, मनगटाला बांधलेला गंडा नको आणि बांगडीही नको. पुरुषाला घड्याळ उजव्या हातात घालावयास काहीच वाटत नाही. सवाष्णीने डावा हात मोकळा ठेवावयाचा म्हटले की घरात एक अवघड शांतता पसरते. डॉक्टरांची चिठ्ठी तेथे फारशी उपयोगी पडत नाही. घरातील वडीलधाऱ्या बाईने आपण होऊन त्या बांगड्या उतरवून उजव्या हातात भरल्या, तर तेवढ्याने पुष्कळ काम होते. त्याच बाईला पाण्याची कळशी उचलणे, मूल डाव्या कडेवर घेणे, त्या हातावर डोके ठेवून निजणे हेही सोडावे लागते. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारणतः दहा ते चौदा दिवस, कणीक तिने नाही मळली तरी घर चालते. फक्त ते तिला कोणीतरी सांगावे लागते. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने रबराचा मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सुरू होतो. घरातील पोरांना हा भाग आवडतो.

या हाताचा रक्तदाब कोणी घ्यावयाचा नाही, त्यातून रक्त काढावयाचे नाही, सुई टोचावयाची नाही. घाईगर्दीच्या दवाखान्यात हे विसरले जाते. म्हणून रुग्णाने हात मागे घेऊन स्पष्ट सांगावयास संकोचू नये. कलकत्त्याला किंवा मद्रासेस, म्हणजे आजच्या कोलकात्यात किंवा चेन्नईत, राहणाऱ्या मराठी माणसाने हे एक वाक्य तरी तेथील भाषेत पाठ करून ठेवावे.

सहा आठवड्यांनी डॉक्टर हात तपासतात, तेव्हा सहाचा पाढाच म्हणतात: शीर सहा मिलिमीटर रुंद असावी, त्वचेखाली सहा मिलिमीटरांहून खोल नसावी, तीतून मिनिटाला 600 मिलिलिटर रक्त वाहावे. सर्वांचे गणित वेळेवर जुळत नाही. कोणाला दोन-तीन महिने लागतात, कोणाची अरुंद जागा फुग्याने रुंदवावी लागते, तर कोणाला कोपराजवळ नवा जोड करावा लागतो. तोवर डायलिसिस लांबणीवर टाकता येत नसेल, तर मानेतून नळी घालतात. तिच्यावाटे रक्तात जंतू शिरण्याची भीती मोठी असते, म्हणून तिचे दिवस जितके कमी तितके बरे. “आणखी तीन आठवड्यांनी या” असे ऐकून रुग्ण घरी परततो आणि जिना चढता चढताच उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटाकडे जातात.