वाढदिवशीं मुलाचें कौतुक

सोलापुरांत सात रस्ता नांवाचा चौक आहे. त्या बाजूच्या एखाद्या घरांत मुलाचा वाढदिवस असला म्हणजे काय चालतें, तें बहुतेकांच्या परिचयाचें आहे. आई मुलाला पाटावर बसविते, कपाळीं कुंकू लावते, अक्षता टाकते, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून मग निरांजन ओवाळते. मुलगा वांकून नमस्कार करितो, ‘आयुष्मान हो’ असा आशीर्वाद घेतो. संध्याकाळीं केक येतो. दिवा ओवाळणाऱ्या घरांत मेणबत्ती फुंकावी कीं नाहीं, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. सकाळीं दिवा लागतो, संध्याकाळीं मेणबत्ती विझते, आणि मुलाला दोन्ही आवडतात.

एवढ्या सोहळ्यांत एकच गोष्ट सहसा होत नाहीं. ‘या वर्षीं तूं अमुक चांगलें वागलास, तें आम्हीं पाहिलें आहे’ असें बापानें मुलाला सांगितल्याचें क्वचितच ऐकूं येतें. याला दोन कारणें आहेत. एक दृष्टीचें भय. त्यावर मीठ-मोहरीचा उतारा प्रसिद्धच आहे. दुसरें, तोंडावर स्तुति केली कीं मूल बिघडतें हा समज. पहिलें कारण सोडून द्यावें. दुसऱ्यांत मात्र तथ्य आहे, कारण ‘आमचा बाळ फार गुणी’ हें वाक्य पाहुण्यांसमोर दहा वेळां ऐकणाऱ्या मुलाला आपण काय केलें तें कळत नाहीं. आपण कोणी तरी मोठे आहों एवढेंच कळतें. परीक्षेच्या गुणांचें कौतुक याहूनही सोपें, तें गुणपत्रिका वाचून कोणालाही करतां येतें. परंतु दुकानदारानें चुकून जास्त दिलेले पैसे मुलगा कोणी न सांगतां परत देऊन आला, किंवा तांब्या आपल्याच हातून पडला हें त्यानें मार खाण्याची तयारी ठेवून सांगितलें, ही नोंद कोणत्याही पत्रिकेंत होत नाहीं. ती आईबापांनींच ठेवावयाची असते, आणि वाचून दाखविण्यास वाढदिवसासारखा दिवस नाहीं.

१९३० सालच्या ऑक्टोबरांत पंडित जवाहरलाल नेहरू नैनीच्या तुरुंगांत होते. मुलीचा तेरावा वाढदिवस आला, देण्यासारखी वस्तु जवळ नव्हती, म्हणून त्यांनीं पत्र लिहिलें. जें लपवावेंसें वाटेल तें करूं नये, ही साधी कसोटी त्यांनीं तिला सांगितली. तुरुंगांतल्या माणसाच्या तोंडीं ती शोभून दिसते, कारण तो स्वतः उघडपणें कायदा मोडून आंत बसला होता. घरीं बसून खोटी सबब सांगणाऱ्या बापानें हेंच लिहिलें असतें तर मुलीनें तें पत्र जपून ठेविलें असतें काय?

येथेंच या विषयाची अवघड बाजू सुरू होते. मुलगा निर्भय आहे, परदुःखानें कळवळणारा आहे, असें वाढदिवशीं म्हणणें सोपें. तोच गुण एके दिवशीं बाहेर जाण्याची परवानगी मागतो, तेव्हां आईबापांच्या कौतुकाची परीक्षा होते. सात रस्त्यापासून भैय्या चौक फार दूर नाहीं. तेथें डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मारक आहे. त्यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. घर मध्यम स्थितींतलें, भावंडें पुष्कळ. मुलगा मुंबईस शिकून डॉक्टर झाला, आतां घराला हातभार लागणार, अशा वेळीं १९३८ सालीं जपानशीं झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर पाठविण्याचें काँग्रेसनें ठरविलें आणि द्वारकानाथांनीं आपलें नांव दिलें. वडील शांतारामपंतांनीं आनंदानें उत्तेजन दिलें. आईला मात्र दुःख झालें, कारण मुलगा फार दूर जाणार होता. या दोघांत कोणाचें प्रेम अधिक, असला प्रश्न करूं नये. वडिलांनीं मुलाचा गुण ओळखला. आईनें त्याची किंमत ओळखली.

पांच डॉक्टरांचें पथक सप्टेंबरांत मुंबईहून निघालें. वडील वारल्याची वार्ता द्वारकानाथांना चीनमध्येंच समजली. ते परतले नाहींत. पुढें रणभूमीजवळ राहून त्यांनीं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४० सालीं एकदां त्यांनीं सलग ७२ तास काम केल्याचें चरित्रकार नमूद करितात. १९४१ सालीं बेथून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि त्याच वर्षाअखेर तेथील परिचारिका कुओ छिंग-लान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

२३ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांना मुलगा झाला. सेनापति न्ये रुंगचन यांनीं सुचविल्यावरून त्याचें नांव यिन्हुआ ठेविलें. यिन् म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. तान्हें मूल मांडीवर असतांना १० ऑक्टोबरला द्वारकानाथांना ३२ वर्षें पूर्ण झालीं. ९ डिसेंबरला ते अपस्माराच्या झटक्यानें गेले. मुलाचा एकही वाढदिवस त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

पुढच्या ऑगस्टांत यिन्हुआ एक वर्षाचा झाला तेव्हां कौतुक करावयास आई एकटी होती. मूल वर्षाचें, त्याचे गुण अजून उमटावयाचे होते. त्याच्या नांवांत मात्र वडिलांचा देश अगोदरच येऊन बसला होता. मोठेपणीं तो वडिलांप्रमाणें वैद्यकच शिकूं लागला; १९६७ सालीं, शिक्षण संपत आलें असतां, तोही गेला. कुओ छिंग-लान हिंदुस्थानांत सासरच्या माणसांना भेटावयास येत राहिल्या. त्या २०१२ सालीं वारल्या. भैय्या चौकांतल्या कोटणीसांच्या घरीं स्मारक उघडलें तेंही त्याच वर्षीं.