जागेवर जा

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य मॅडम, संस्थेचे पदाधिकारी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे अकाउंट्सचे सर, आणि तिकडे दाराला टेकून उभे असलेले, म्हणजे भाषण लांबलं तर सटकायची सोय करून ठेवलेले माझे खरे वारसदार,

मॅडमनी फोनवर मला विषय दिला होता, ‘विमा क्षेत्रातील करिअरच्या संधी’. त्यावर मी बोलणार आहे. पण मघाशी आत येताना नोटीस बोर्डापाशी थांबलो. तिथे हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली आहे. दोन मुली तिचा मोबाईलवर फोटो काढत होत्या. एक म्हणाली, “माझं आलंय का गं?” दुसरी म्हणाली, “आपलं दोघींचं आलंय.” आणि दोघी टाळी देऊन हसल्या. तेव्हापासून माझं तयार भाषण बिघडलं आहे.

आमच्या वेळी भिवंडी नगरपालिका होती, महानगरपालिका नव्हती. वडील लूमवर मेहता, म्हणजे हिशेबनीस. मी कामतघरहून चालत यायचो. रात्रपाळीचे कारीगर कानात कापसाचे बोळे तसेच ठेवून घराकडे चाललेले असायचे आणि आम्ही कॉलेजकडे. गल्लीगल्लीत लूमची खटखट. वर्गात खिडकी उघडी ठेवली तर सरांचा आवाज ऐकू यायचा नाही, बंद ठेवली तर जीव जायचा. सर उघडीच ठेवायचे आणि आवाज चढवायचे. सर, तुमचा घसा अजून शाबूत आहे, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं.

सर हजेरी घेताना मान वर करायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, बरंय. एकदा माझ्या मित्राने स्वतःची हजेरी दिली आणि मग आवाज जाड करून माझी दिली. सरांनी पेन थांबवलं, मान खालीच, आणि म्हणाले, “दोन्ही रोल नंबरांना एकदमच सर्दी झालेली दिसते.” वर्ग खो खो हसला. मी तेव्हा धामणकर नाक्यावर वडापाव खात होतो. दुसऱ्या दिवशी सर रागावले नाहीत. फळ्याकडे बोट करून एवढंच म्हणाले, “काल तू हजर होतास, तर हे पुढे सोडव.”

आणि एक पावसाळा आठवतो. कामवारी नदीचं पाणी सखल भागात शिरलं होतं, रिक्षा बंद, एसटी बंद. आम्ही बोटावर मोजण्याइतके आलो होतो, तेही घरी बसून कंटाळा आला म्हणून. सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पिशवीत मस्टर गुंडाळून वर्गात उभे. आम्हाला वाटलं, आज गप्पा होतील. त्यांनी बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट शिकवलं, पूर्ण तास. आज माझ्या टेबलावर कुणाचंही पासबुक आलं की मला ओल्या पॅन्टचा वास येतो. सर, माफ करा, पण येतो.

आता नियम. मुंबई विद्यापीठाचा पूर्वी ऑर्डिनन्स 119 होता, आता 6086 आहे. टर्म भरायची तर सरासरी 75 टक्के हजेरी आणि प्रत्येक विषयात किमान 50 टक्के. म्हणजे आवडत्या मॅडमच्या तासाला शंभर टक्के आणि गणिताला भोपळा, असं चालत नाही. आजारपण किंवा तसंच खरं कारण असेल तर सवलत मागता येते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, कारण अंडरटेकिंगवर पालकांची सही तुम्हीच... जाऊ दे, पालक बसले आहेत.

यावर मुलं मला टिळकांचा दाखला देतात. टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष तालमीत घालवलं, नापास झाले, तरी लोकमान्य झालेच ना? झाले. पण बाळांनो, ते कॉलेजच्या वसतिगृहात राहत होते. तालमीत असोत, नदीत पोहत असोत, मित्रांशी वाद घालत असोत, होते तिथेच. तुमच्यासारखे अंजूरफाट्याच्या कॅफेत नव्हते.

काही हुशार मुलं कोर्टाचाही दाखला देतात, आणि तो मात्र नीट ऐकावा असा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेपासून रोखू नये. त्या प्रकरणाच्या मुळाशी 2016 साली एका विद्यार्थ्याने दिलेला जीव होता. त्यामुळे मी कुणाला परीक्षेला बसू देऊ नका असं म्हणायला आलेलो नाही. मॅडम, यादी लावा, पण यादीतल्या मुलाला एकदा बोलावून विचारा, की बाबा, तू रात्री कुठे असतोस? कारण समोरच्यांपैकी कितीतरी जण माणकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांत रात्री पार्सलं लावतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. कुणी वज्रेश्वरीहून, कुणी पडघ्याहून येतं आणि कंटेनरच्या रांगेत पहिला तास संपतो. त्या मुलांना मी काय हजेरी शिकवणार? पेंगत का होईना, ती येतात. माझा राग आहे तो कॅम्पसमध्ये येऊन जिन्यावर रील करणाऱ्यांवर. इथपर्यंत आलास, मग आणखी वीस पायऱ्या का चढत नाहीस?

हां, विमा. मी सर्व्हेअर आहे. आग लागते, पूर येतो, तेव्हा नुकसान किती झालं ते ठरवणारा माणूस. 1938 च्या विमा कायद्यात आमची सोय केलेली आहे. वाहनं सोडून 1 लाखाच्या वरचा दावा असेल तर परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. विम्याच्या पॉलिसीत सरासरीचं एक कलम असतं. म्हणजे समजा गोदामात माल 1 कोटीचा आहे आणि विमा उतरवलाय 50 लाखांचा, तर 20 लाखांचं नुकसान झाल्यावर मिळतात... नको, शेवटच्या रांगेतल्यांनी मोबाईल काढले. दहा मिळतात, एवढं लक्षात ठेवा.

त्यापेक्षा कामाची गोष्ट सांगतो. कापडाच्या गोदामाला आग लागली, की मालक म्हणतो थप्पी छतापर्यंत होती. सगळी राख झालेली. आता कसं ठरवायचं? भिंत बघायची. थप्पी जिथे भिंतीला टेकलेली असते, तिथे भिंत कमी काळवंडते. तो फिका पट्टा कुठपर्यंत आहे ते टेपने मोजायचं. मग राखेचा ढीग पायाने उकरायचा. घट्ट बांधलेली कापडाची गाठ बाहेरून कोळसा होते, पण कापली तर आत शाबूत कापड निघतं. ते हाताने चोळून बघायचं. आता लोक व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर फोटो पाठवतात आणि म्हणतात, साहेब, यावरूनच करा ना रिपोर्ट. मी माझ्या ऑफिसातल्या पोरांना एकच सांगतो, जागेवर जा. फोटोत वास येत नाही, फोटोत राखेखालची गाठ दिसत नाही. आधी जागेवर जा, मग अक्कल चालव.

तुम्हालाही तेच. नोट्स मिळतात, व्हिडिओ मिळतात, कुणी तरी पीडीएफ टाकतंच. पण सर शिकवता शिकवता कुठे अडखळले, कुठे पुसून पुन्हा लिहिलं, मागच्या बाकावरच्या कुणी भलताच प्रश्न विचारल्यावर काय उत्तर दिलं, हे पीडीएफमध्ये नसतं. जागेवर जा. वेळेवर जा, तास सुरू झाल्यावर दार ढकलून “मे आय कम इन” म्हणणाऱ्याने साठ जणांची तंद्री मोडलेली असते. मोबाईल पिशवीत ठेवा. बाकाखाली मांडीवर धरलेला मोबाईल वरून दिसतो, सरांना विचारा. कंटाळा आला तर कंटाळा, तासभर कंटाळून बसणं हीसुद्धा पुढे नोकरीत लागणारी विद्या आहे.

आणि प्राध्यापक मंडळी, रागावू नका, पण मस्टर दोन्ही बाजूंनी असतो. मुलगा कामतघरहून चालत आला आणि वर्गाला कुलूप दिसलं, तर पुढच्या खेपेला तो नाक्यावरच थांबणार. वडापाव तिथला चांगला असतो, हे मी सांगायला नको.

मॅडम घड्याळ बघताहेत आणि यानंतरच्या नाटकातली मुलं दाढीमिशा लावून विंगेत घामाघूम झाली आहेत. शेवटचं. ज्यांना माझं काम बघायचंय त्यांनी ऑफिसात नाव द्या. पुढच्या साइटला घेऊन जातो. सकाळी आठला, बंद बूट घालून. राखेत खिळे असतात, चपला चालणार नाहीत. आणि मॅडम, कॉलेजने काढलेली, शिक्षक सोबत असलेली अभ्यासभेट हजेरीत धरतात, असं त्याच ऑर्डिनन्समध्ये लिहिलंय. तेव्हा यादीतल्या पोरांना आधी पाठवा. सोबत एक शिक्षक लागेल. सर, तुम्ही निवृत्त झालात म्हणून नियमात बसत नाही म्हणे. तरी या. मस्टर मी आणतो.