मोसमच्या काठानं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते भेटतात. एक पुण्याचा, दुसरा मुंबई-आग्रा महामार्ग. या दुसऱ्या रस्त्यानं ओझर, पिंपळगाव, चांदवड मागे टाकत सुमारे शंभर किलोमीटर गेलं, की मालेगाव येतं. बहुतेक गाड्या तिथून न थांबता धुळ्याकडे निघून जातात. मालेगावचं नाव आपण ऐकतो ते बातम्यांत, आणि त्या बातम्या बहुधा चांगल्या नसतात. आज आपण या गावात जाऊ, आणि तेही पायी, मोसम नदीच्या काठानं.

मोसम ही साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागातून येणारी नदी. बागलाणात तिच्यावर हरणबारी धरण आहे. मालेगावातून वाहत ती गावाच्या खालच्या अंगाला गिरणेला मिळते. फेरफटक्याची सुरुवात करावी ती किल्ल्यापासून. नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराची घंटा आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. त्याच सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1740 च्या सुमारास मोसमच्या काठी हा भुईकोट बांधायला घेतला. काम पंचवीस वर्षं चाललं, असं सांगतात. त्यासाठी सुरतेकडून आणि उत्तरेतून कारागीर आले आणि त्यांतले बरेच इथंच राहिले. 1818 च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतल्या अरब शिबंदीनं त्यांना जवळजवळ महिनाभर झुंजवलं.

किल्ल्याकडून यंत्रमागांच्या वस्तीकडे वळलात, की डोळ्यांआधी कानांना गाव कळतं. खट् खट् खट् असा आवाज गल्लीगल्लीतून येतो. 1857 नंतर आणि पुढच्या दुष्काळी वर्षांत बनारस, मऊ, आझमगड या भागांतले मोमीन विणकर इथं आले. त्यांनी हातमाग लावले. 1930 च्या दशकात वीज आली आणि हातमागाची जागा हळूहळू यंत्रमागानं घेतली. मोठमोठ्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथल्या कारागिरांनी दुरुस्त करून चालवले. मुंबईच्या गिरणगावात एका छपराखाली शेकडो माग असत. इथं घराच्या पुढच्या खोलीत चार-आठ मागांचा कारखाना असतो. सुताला खळ लावायची एकीकडे, कांड्या भरायच्या दुसरीकडे, विणायचं तिसरीकडे. तयार झालेलं कोरं कापड रंगवायला पार राजस्थानात पाली-बालोत्र्याला जातं. म्हणजे सारं गाव मिळून एक गिरणी आहे. शुक्रवारी माग बंद असतात. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांना प्रेक्षक मिळाला, तो याच सुटीच्या दिवशी.

आता पुन्हा नदीवर येऊ. मालेगावात मोसम ही केवळ नदी राहिलेली नाही, ती सीमाही झाली आहे. एका काठाला कॅम्प, संगमेश्वर या प्रामुख्यानं हिंदू वस्त्या, दुसऱ्या काठाला यंत्रमागांच्या मुस्लिम वस्त्या. ताणतणावाच्या दिवसांत आधी बंदोबस्त लागतो तो पुलावर. एरवी मात्र याच पुलांवरून दिवसभर सूत, कापड, भाजीपाला, डॉक्टरकडे निघालेली माणसं आणि शाळेची मुलं ये-जा करत असतात. पुलावर पंधरा मिनिटं उभं राहून पाहिलं, तर हे गाव एकमेकांवाचून चालत नाही हे सांगायला कुणाची गरज पडत नाही.

पण पुलावरून खाली पाहवत नाही. पावसाळ्याचे दिवस सोडले, तर मोसमच्या पात्रात गावाचं सांडपाणीच वाहतं. दोन्ही काठांचे नाले त्यात उतरतात. कचरा, प्लॅस्टिक, कारखान्यांचं पाणी, सगळं त्यात. 'नदी त्यांनी घाण केली' असं दोन्ही काठांवर ऐकायला मिळतं.

आता हे पाणी पुढं कुठं जातं ते पाहा. मोसम गिरणेला मिळते. गिरणा पुढं नांदगाव तालुक्यात 1969 मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणात जाते. आणि मालेगाव ज्या पाण्यावर जगतं, त्यातला मोठा वाटा येतो तो याच धरणातून, नळानं उलटा वर चढवून. खाली चाळीसगावपासून जळगाव जिल्ह्यातली कितीतरी गावंही त्याच धरणावर अवलंबून आहेत. म्हणजे आपण नदीत जे सोडतो, ते शुद्धीकरणाचा खर्च भरून आपल्याच घरी परत आणतो. त्यात या काठाचं पाणी वेगळं आणि त्या काठाचं वेगळं, असं काही उरत नाही.

घाट बांधणं, दिवे लावणं ही कामं नंतरची. आधी नाले अडवून त्यांचं पाणी शुद्ध करूनच नदीत सोडलं पाहिजे. आणि ते दोन्ही काठांवर एकाच वेळी व्हायला हवं. एका काठानं केलं आणि दुसऱ्यानं नाही, तर नदी तशीच राहणार. शाळांनी मुलांची एक सहल लांब न नेता या नदीकाठी काढावी, किल्ल्यापासून पुलांवरून थेट संगमाकडे. जमलं तर तसंच पुढं गिरणाकाठच्या चंदनपुरीला, खंडोबा-बाणाईच्या देवळापर्यंत जावं.

तुम्हीही जाऊन या. पावसाळा सरता सरता जा, तेव्हा नदीला थोडं पाणी असतं. शुक्रवार मात्र टाळा. मागांचा आवाज ऐकल्याशिवाय मालेगाव पाहिलं असं होत नाही.